सूर्याच्या नावावर

"साहेब, माझी तार?"

दत्ताराम पालशेतकर रेडिओखोलीच्या दारात उभा होता. आत मी गुडघ्यांवर बसून जमीन घासत होतो. खोली एवढीशी, त्यात माझी बादली मधोमध. त्याला आत यायचं होतं, पण माझ्याजवळून जावं लागलं असतं.

"ए टोपास, सरक तिकडं."

मी सरकलो. तो भिंतीला चिकटून आत आला, माझ्या खांद्याला त्याची पँट लागणार नाही अशा बेताने.

टोपास म्हणजे जहाजावरचा झाडूवाला. संडास, मोऱ्या, ओकाऱ्या, सगळी घाण त्याची. मी खेड तालुक्यातला यशवंत कासारे, तेव्हा सव्वीस वर्षांचा. पालशेतकर गुहागरकडचा खारवी, पिढीजात मासेमार, चाळिशीचा, आमच्या जहाजाचा सुकाणी. सुकाणी म्हणजे चाक धरणारा. त्याच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही, हेही सांगून टाकतो.

"नाही आली," अनगोळकरसाहेब म्हणाले. बेळगावचे. जहाजाचा रेडिओ त्यांच्या ताब्यात. "आणि आता येणारबी नाही बघ. ऐक हे."

त्यांनी बटण फिरवलं. एरवी त्या पेटीतून शिट्ट्या यायच्या, टकटक यायची, कुठल्या कुठल्या देशांची बडबड यायची. आता नुसता सूं असा आवाज.

"मशीन मोडलं काय?"

"मशीन धड आहे. सूर्य फुटलाय."

पालशेतकर टेबलाशी सरकला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझी बायको चिपळूणला दवाखान्यात हाय. कावीळ डोक्यात चढलीय असं मागल्या बंदरात पत्र आलं. मस्करी नको."

"मस्करी नाही करत रे. ये बाहेर. ये तूबी," मला म्हणाले. मी फडकं बादलीत टाकून मागे गेलो.

साडेचार वाजले होते दुपारचे, आणि मिट्ट काळोख. एकोणनव्वद सालचा नोव्हेंबर. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्र डोंगरांच्या आत घुसलेला, तिथल्या एका बंदरात आम्ही लोखंडाची माती भरायला लागलो होतो. तिथं सूर्य दिवसातून दोन-तीन तास डोंगरामागून डोकावायचा, अंग चोरून, आणि परत जायचा.

वर बघितलं आणि मी आ वासून उभा राहिलो. पाण्यातून जाळं वर खेचताना त्यातून पाणी निथळतं ना, तसा हिरवा उजेड आभाळातून निथळत होता. जाळं हलत होतं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कुणीतरी ओढत नेत होतं, मध्येच सैल सोडत होतं. खालची कड गुलाबी. आवाज काहीच नाही. एवढं मोठं काही हलतंय आणि आवाज नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

अनगोळकर समजावू लागले. त्यांना समजावायला आवडायचं आणि मला ऐकायला. "सूर्यावर डाग पडतात. डागाजवळ उसळी येती. या वर्षी तर सूर्य पिसाळल्यासारखाच आहे. उसळीतनं बारीक कण सुटतात, विजेनं भारलेले. पृथ्वी म्हणजे मोठ्ठं लोहचुंबक, ते या कणांना इकडं टोकाकडं ओढून आणतंय. वरच्या हवेवर ते आपटले की हवा पेटल्यागत दिसती. हा हिरवा म्हणजे आपण श्वासात घेतो तोच प्राणवायू."

"आणि माझी तार?" पालशेतकर म्हणाला.

"तेच सांगतोय की. आपली तार सरळ मुंबईला जात नाही. वर हवेत एक थर असतोय, त्याच्यावर आपटून आपटून जाती. तोच थर आता बिघडलाय. आवाज परत फेकायच्या ऐवजी गिळून टाकतोय. हे दिवे वर आहेत तोवर तार नाही. असं समज की सोपं गणित आहे."

पालशेतकरने मान वर केली. मग त्याने आभाळाला आईवरून एक सणसणीत शिवी घातली आणि शिडी उतरून गेला.

"बिचारा," अनगोळकर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता आत गेले. ते माझ्याकडे का बघत नाहीत ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवारी सकाळी मी रेडिओखोलीतली कचऱ्याची टोपली उपसली. मी ती थेट समुद्रात कधीच ओतत नसे. शाळा चौथीत सुटली होती. पण अनगोळकरांनी दिलेली फाटकी डिक्शनरी आणि त्यांच्या टोपलीतले हवामानाचे कागद यांच्यावर मी अकरा महिन्यांत अडखळत का होईना इंग्रजी वाचायला लागलो होतो. संडासामागच्या फडक्यांच्या कपाटात बसून वाचायचो. तिथं कुणी येत नाही.

त्या दिवशी टोपलीच्या तळाला एक कार्बनची प्रत होती. चुरगळून गोळा केलेली, पण फाडलेली नाही. माणूस कागद फाडायला विसरतो तेव्हा तो घाबरलेला असतो. मी गोळा सोडवला. पहिली ओळ कळली. दुसरीसाठी डिक्शनरी काढली.

बायको अत्यवस्थ. दत्तारामचं नाव घेते आहे. ताबडतोब पाठवा. खाली मेव्हण्याचं नाव. तारीख मंगळवार, वेळ सकाळची सहा दहा.

रेडिओ बंद पडला होता मंगळवारी अकराच्या पुढे.

मी तडक वर गेलो. दार वाजवलंसुद्धा नाही. कागद टेबलावर ठेवला. "साहेब, ही कालची हाय. सकाळची."

अनगोळकरांनी आधी दार लावलं. मग कागद उचलला, मग खाली बसले. "वाचलास?"

"वाचली."

"मीच शिकवलो तुला," ते म्हणाले, आणि थोडं हसल्यासारखं केलं. मी हसलो नाही. "यशवंत, मी ती तार पाच मिनिटांत कप्तानाच्या हातात दिलोय. त्यानं वाचली, खिशात घातली. म्हणाला, रोटरडॅमला सांगू."

"रोटरडॅम कधी?"

"पुढचा बुधवार."

"आठ दिवस? आणि आपण इथं धक्क्याला बांधलेले. गावात विमानतळ हाय. काल भाजीपाला घेऊन आलेला तो गोरा सांगत होता."

"मला माहीत नाही काय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पण सुकाणी किती आहेत आपल्याकडं? तीन. एकाचं मनगट मोडलंय. तिसरा पोरगा अजून डावं-उजवं चुकतोय. शुक्रवारी भरलेलं जहाज या चिंचोळ्या खाडीतनं काढायचंय, चाळीस मैल, दोन्हीकडनं खडक, वर अंधार. खाडीतनं वाट दाखवणाऱ्या पायलटानं आधीच विचारलंय, चाकावर कोण असणार. पालशेतकर उतरला तर जहाज इथंच बांधून ठेवायला लागतंय बदली माणूस येईपर्यंत. कप्तान तसं करणार नाही. कंपनी त्याला करू देणार नाही."

"मग त्याला खरं सांगा की. सांगा, तार आली पण सोडत नाय. तो ठरवील काय करायचं ते."

"आणि तो शिडी उतरून चालायला लागला तर? कप्तानानं मला बजावलंय. एक शब्द बाहेर गेला तर माझं लायसन गेलं." ते मग कागदाच्या घड्या घालत म्हणाले, "तुझाबी कागद त्याच्या टेबलावर आहे. टोपासचा खलाशी करायचा. मी स्वतः लिहून दिलोय. तेवढं ध्यानात ठेव."

अनगोळकर वाईट माणूस नव्हता. आजही म्हणतो, आणि म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणसाला शिव्या देऊन मोकळं होता येतं. या माणसाने मला अक्षरं दिली. मी आजारी पडलो तेव्हा स्वतःची गोधडी दिली. आणि त्याच माणसाने एक मरती बाई आणि तिचा नवरा यांच्यामध्ये सूर्य आणून उभा केला. सूर्य! ज्याचं वकीलपत्र कुणी घेणार नाही. बरं, निव्वळ खोटंही नाही. वादळ खरं होतं, रेडिओ खरंच मुका होता. फक्त ती एक तार वादळाआधी पाच तास येऊन बसली होती.

मी टोपली उचलली आणि खाली आलो.

गुरुवारी दुपारी ढग आले. आभाळ गच्च झालं, हिरव्याचा मागमूस नाही. मी जिन्याची पितळ पुसत होतो. पालशेतकर माझ्या शेजारून दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाला.

"साहेब! दिवे गेले! लावा आता मुंबई!"

 मग बटणं फिरल्याची कटकट. मग तो सूं आवाज. तो मात्र खरा होता.

"ढगाच्या वर आहेतच रे ते," अनगोळकर म्हणाले. "आपल्याला दिसत नाहीत एवढंच."

"दिसत नाय तरी हायत?"

"आहेत."

"मग गेले हे मला कळायचं कसं?"

वर बटणांची कटकट पुन्हा सुरू झाली. पालशेतकर खाली आला तो पायरी-पायरीने. माझ्यापाशी थांबला. वाटलं बोलेल. पण थोबाड फिरवून भटारखान्याकडे गेला.

भटारखान्यात इब्राहिमचाचा पेवेकर होता. आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. पासष्टीचा म्हातारा, कागदोपत्री पंचावन्न. मी बाहेरची गटारी उघडत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"चाचा, नारळ हाय?"

"एक हाय. शेवटचा. कप्तानाच्या रविवारच्या कालवणाला ठेवलाय."

"मला दे."

"कशाला?"

"दर्या खवळला की आपण नारळ देतो. देतो का नाय? आता वर खवळलंय. तिथं द्यायचा."

चाचा हसला. "अरे दत्त्या, सूर्य तुमचा देव, दिवे नॉर्वेवाल्यांचे आणि नारळ माझा!"

पालशेतकर हसला नाही. मग चाचाचंही हसू विरलं. कपाट उघडल्याचा आवाज आला. "घे," चाचा म्हणाला. "कप्तानाला सांगतो उंदराने नेला."

पाच वाजता जहाजाच्या मागच्या टोकाला सगळे जमले. डेकवरचे आठ-नऊ जण, चाचा आणि सगळ्यांच्या मागे मी. ढग फाटले होते आणि फटीतून ते हिरवं पुन्हा निथळत होतं. थंडी अशी की नाकातले केस टोचत होते. पालशेतकरने डोक्याची लोकरी टोपी काढली. बूट काढले. बर्फाळ पत्र्यावर अनवाणी उभा राहिला. पूजेची हळद नव्हती, कुंकू नव्हतं. चाचाने मसाल्यातली हळद आणली होती चिमूटभर, तीच लावली.

गावाकडे नारळी पुनवेला काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं. इथं कुणाला काय म्हणायचं? त्याने नारळ दोन्ही हातांनी वर धरला. मग मोठ्याने म्हणाला, समोर माणूस असल्यासारखा:

"दर्याला मी नारळ देतो, तो माझं ऐकतो. तू कोण हायस मला म्हाईत नाय. सूर्याचं पोर हायस म्हणतात. तुझा काय अपमान झाला असंल माझ्याकडनं, परवा शिवी दिली, तर माफ कर. माझ्या सुलूची तार अडवू नकोस. बरी असू दे, वाईट असू दे. पण सोड."



नारळ वर टाकता येत नाही. त्याने तो लोखंडी खुंटावर फोडला, पाणी समुद्रात ओतलं, एक कवड पाण्यात सोडली आणि उरलेल्या अर्ध्याचं खोबरं खिशातल्या सुरीने काढून वाटायला लागला. एकेकाच्या हातावर. माझ्यापर्यंत पोचेल असं मला वाटलं नव्हतं. मी निघालोच होतो.

"थांब टोपास."

तो माझ्यासमोर आला. त्याने खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. ठेवला, वरून टाकला नाही. त्याची बोटं गार दगडासारखी होती.

"तू साहेबाची खोली झाडतोस," तो म्हणाला, हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं. "तुझ्यासमोर ते बोलत असतील. तुझ्यासमोर सगळेच बोलतात. काय कानावर आलं काय? तार, फोन, काय पण?"

जहाज धक्क्याला होतं. शिडी खाली होती. शिडीपासून गाव दहा मिनिटांवर. पासपोर्ट कप्तानाकडे होता हे खरं, पण तो ओरडला असता, चाचा ओरडला असता, बाकीचे काम सोडून बसले असते. कप्तानाला त्याला सोडावंच लागलं असतं. हे सगळं मला तेव्हा, त्या क्षणी, लख्ख दिसत होतं. नंतर सुचलेलं नाही.

खोबरं मी तोंडात टाकलं. चावलं.

"नाय," मी म्हणालो. "काय नाय आलं. सूर्य फुटलाय म्हणतात."

त्याने मान डोलावली. चेहरा सैल झाला. "म्हणजे तसं काय वाईट नसंल," तो म्हणाला आणि बूट शोधायला लागला.

शुक्रवारी दुपारी निघालो. अर्ध्या तासात अंधार. पुलावरच्या, म्हणजे चाकाच्या खोलीच्या, काचांवर वाफ धरत होती म्हणून मला फडकं घेऊन वर उभं केलं होतं. चाकावर पालशेतकर. नॉर्वेचा पायलट एकेक हुकूम सोडत होता आणि हा तो परत म्हणून चाक वळवत होता, इतकं अलगद की वाटावं निजलेल्या पोराची मान फिरवतोय. चार तासांहून जास्त. दोन्ही बाजूंना काळे डोंगर, मध्ये आम्ही, पोटात हजारो टन लोखंड. कुठे एक हिसका नाही. पायलट उतरताना कप्तानाला म्हणाला, असा माणूस आमच्याकडे असता तर आम्ही त्याला कधी घरी जाऊच दिलं नसतं. कप्तान हसला आणि त्याने कोटाच्या खिशात हात घातला. पायलटाला द्यायचं सिगारेटचं पाकीट काढायला. त्याच खिशात ती तार होती की नाही मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कायम असते.

सोमवारी आम्ही बरेच खाली आलो होतो. रेडिओ उघडला. पहिल्याच तासाला तार आली. सुलोचना पालशेतकर रविवारी पहाटे गेली होती.

कप्तानाने त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, सूर्याच्या वादळामुळे सहा दिवस कसलाच संपर्क नव्हता, काही करू शकलो नाही, फार वाईट वाटतं. रेडिओची वहीही दाखवली. मंगळवार अकरापासून सोमवारपर्यंत रोजची नोंद: संपर्क नाही, संपर्क नाही. वही खरी होती. सकाळच्या सहा दहाचं पान त्याने उलटलं नाही, आणि उलटलं असतं तरी पालशेतकरला वाचता येत नव्हतं.

तो खाली आला आणि आपल्या खाटेवर बसला. रडला नाही. चाचाने पेज आणली ती तशीच राहिली.

मी गणित केलं. करू नये म्हटलं तरी होतं. बुधवारी सकाळी उतरला असता तर शुक्रवारी मुंबई. रात्रीची एसटी, शनिवारी सकाळी चिपळूण. त्याला एक दिवस मिळाला असता. पूर्ण एक दिवस, सकाळपासून पहाटेपर्यंत. तिला तो दिसला असता.

मंगळवारी संध्याकाळी माझ्या केबिनचं दार वाजलं. त्या दारावर कधी कुणी थाप मारली नव्हती, हाक मारायचे लांबून. दार उघडलं तर पालशेतकर. हातात कोरे कागद आणि पाकीट.

"चाचा म्हणाला तुला लिवता येतं."

"येतं थोडं."

"पोरीला पत्र लिवायचंय. हर्षाला. रोटरडॅमवरनं मी जाईनच, पण कंपनी कधी विमानात बसवील काय भरवसा नाय. आधी पत्र जाऊ दे."

"अनगोळकरसाहेब लिवतात ना तुमची पत्रं?"

"वर नको," तो म्हणाला. बस, एवढंच. आणि आत येऊन माझ्या खाटेवर बसला. माझ्या अंथरुणावर.

आता खरं सांगतो. पस्तीस वर्षं मी ही हकीकत ज्याला ज्याला सांगितली त्याला कप्तानाची हरामखोरी सांगितली. अनगोळकरचा पुळचटपणा सांगितला. माझं काय, तर मी गरीब टोपास, बढतीचा कागद अडकलेला, नोकरीची भीती, काय करणार. ऐकणारे मान हलवतात. ते खोटं आहे. मला भीती वाटली नव्हती. तो कागद कप्तान कधीच पुढे पाठवणार नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि नाहीच पाठवला.

त्या बंदराच्या तीन आठवडे आधी, बिस्केच्या उपसागरात, पालशेतकर तापाने फणफणला होता. जहाज असं नाचत होतं की कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दोन दिवस मी त्याच्याजवळ बसलो. त्याची ओकारी काढली, ते माझं कामच होतं. पण पाणी पाजणं माझं काम नव्हतं. मी माझ्या मगातून घोट घोट पाजलं. तो माझं मनगट धरून प्यायला. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, सगळे जेवायला बसले होते, त्याने विचारलं हा मग कुणाचा? कुणीतरी म्हणालं टोपासचा. त्याने मग उचलला, दारातून समुद्रात भिरकावला आणि खळाखळा चुळा भरल्या. तीन वेळा. सगळे हसले. मीही हसलो. तेच मला सगळ्यात जास्त लागलं, मी हसलो ते.

म्हणून बुधवारी तार वाचूनही मी त्याच्याकडे गेलो नाही, आणि गुरुवारी त्याने विचारलं तेव्हा नाय म्हणालो. तो अनवाणी उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याचं सगळं माझ्या एका शब्दात होतं, आणि मला बरं वाटलं. खोबरं गोड लागलं. ते त्याने हातावर ठेवलं होतं, शिवून ठेवलं होतं, तरीही. मला वाटलं, राहू दे याला एक रात्र तडफडत. उद्या निघायच्या आधी सांगू. आणि उद्या मी सांगितलं नाही. सुलू पालशेतकरने माझा मग फेकला नव्हता. हे माझ्या डोक्यात यायला तिला मरावं लागलं.

"लिही," पालशेतकर म्हणाला.

मी लिहिलं: चिरंजीव हर्षा हिस अनेक आशीर्वाद.

"लिही की तुझ्या आईची तार बाबांपर्यंत पोचली नाय. सूर्यावर वादळ झालं म्हणून. ती हुशार हाय, पाचवीत हाय, विचारील की सूर्यावर वादळ कसं होईल. तिला पटलं पाहिजे. तिला असं वाटता नये की बाबाला कळलं होतं नि बाबा आला नाय. तू साहेबाकडनं ऐकलंयस. नीट समजावून लिही."

मी लिहायला लागलो. त्याआधी मी दुसऱ्यांचं वाचलं होतं, नकला उतरवल्या होत्या. आपल्या मनाने जुळवून लिहिलेलं असं ते पहिलंच. आणि मी ते जीव ओतून लिहिलं. सूर्यावर डाग पडतात, बाळ. डागाजवळ उसळी येते. तिथून निघालेले कण इतके बारीक असतात की कोट्यवधी मिळूनही तुझ्या तळहातावर दिसणार नाहीत, पण ते आभाळ पेटवतात. तुझ्या बाबांनी ते पाहिलं. जाळ्यातून पाणी गळावं तसा हिरवा उजेड. बाबा रोज वर जाऊन विचारत होते. बाबांनी त्या उजेडाला नारळ दिला, पाय उघडे टाकून, बर्फावर. तुझ्या आईचं नाव घेतलं. पण सूर्य फार लांब आहे, त्याला आपलं ऐकू येत नाही.

दोन पानं झाली. हर्षा आता पंचेचाळीस-सेहेचाळीसची असेल. पालशेतकर रोटरडॅमला उतरला तो मला पुन्हा दिसला नाही. ते पत्र तिने ठेवलं असेल असं मला कधी कधी वाटतं, आणि ठेवलं नसेल तर बरं असंही वाटतं.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. बर्फावर उघडे पाय आले तिथे त्याने पाय पोटाशी ओढले. वाचून संपलं. मला वाटलं, आता विचारील. विचारलं तर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं.

त्याने डोळे उघडले. ते ओले होते, सोमवारपासून पहिल्यांदा.

"कालपासनं मनात नको नको ते येत होतं," तो म्हणाला. "कप्तानाबद्दल. साहेबाबद्दल. वाटत होतं, हे काय तरी लपवतायत माझ्यापासनं. त्या सूर्याबिर्याचं काय खरं नाय." त्याने पान हातात घेतलं, उलटंच धरलं, आणि माझ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "चांगलं लिवलंस रे. आता मलाबी पटलं."

त्याने कागद माझ्याकडे परत दिला. मी घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पत्ता घातला.